आधी हात, मग वही

गणपतीला पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत पूर्वी मिठाईचा पुडा असायचा आणि पोरासाठी नवे कपडे. आता त्यात चार-पाच गुळगुळीत पुस्तकंही असतात. ठिपके जोडा. रेघ ओढा. रंग भरा. मोजा आणि लिहा. मुखपृष्ठावर हसणारा हत्ती, खाली वय छापलेलं: तीन वर्षे. पोटाला चिमटा काढून घेतलेली असतात ती. त्यामागची माया खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण विसर्जन झालं की बाप एसटी धरून मुंबईला जातो आणि पुस्तकं साडेतीन वर्षांच्या पोराच्या आणि सत्तरीच्या आजीच्या गळ्यात पडतात.

असंच एक पोर मी ओसरीवर पाहिलं. पालथं पडलेलं, पेन्सिल मुठीत खुंटीसारखी आवळलेली. पानावर एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला गाजर, मधे तुटक रेघ. सशाला गाजरापर्यंत न्यायचं होतं. रेघ दोनदा घसरली, तिसऱ्यांदा कागद फाटला आणि पोराने भोकाड पसरलं. आजी म्हणाली, "हात वळत नाय त्याचा अजून."

आजीचं निदान अचूक होतं. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी त्यातलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी कूर्चा असते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास आठांपैकी साधारण तीन हाडं एक्स-रेवर दिसायला लागतात. सातापर्यंत पोचायला सहावं-सातवं वर्ष उजाडतं आणि आठवं तर त्यानंतरही काही वर्षं वाट पाहायला लावतं. मुलींची थोडी लवकर होतात, मुलग्यांची थोडी उशिरा. त्या अर्ध्या कच्च्या मनगटाकडून आपण सशाची वाट रेघेबाहेर न जाता मागतो. आणि रेघ घसरली की पोराला म्हणतो, नीट काढ.

हात तयार कशाने होतो, ते उमरठमध्ये शिकवायला लागू नये. वालाच्या शेंगा सोलताना अंगठा आणि तर्जनी जे काम करतात, तेच पुढे पेन्सिल धरताना करायचं असतं. करवंद दोन बोटांच्या चिमटीत धरून, न चिरडता, देठापासून तोडणं ही चिमटीची कसरत आहे. भाकरीच्या पिठाचा छोटा गोळा मिळाला की तळहात आणि बोटं दोन्ही कामाला लागतात. गजगे उडवून झेलायचे, तर डोळा आणि हात यांचा मेळ बसावाच लागतो. त्याआधी खांदा आणि कोपर मजबूत व्हावे लागतात, ते बांधावर चढून आणि बादलीभर पाणी ओढून होतात. यातलं काहीही विकत मिळत नाही, म्हणून त्याला अभ्यास म्हणायला कुणी तयार होत नाही. माझा राग आहे तो इथे.

आपल्याकडे धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवून पुसायचं. धुळाक्षरं हा शब्द त्यातूनच आला. त्या पाटीचा मोठा गुण असा, की चूक उरत नाही. छापील पानावरची घसरलेली रेघ मात्र कायमची राहते, आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बापाला दाखवली जाते. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरीने पहिलं बालगृह काढलं, तिथेही पोरांना आधी खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवायला दिली जात. पेन्सिल नंतर. फळीवरची धूळ आणि खरखरीत कागद, दोघांनीही आधी बोटालाच अक्षर शिकवलं.

आणि महाराष्ट्राला हे आज नव्याने शिकायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गरिबांची पोरं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर ज्याला अंगणवाडी म्हणतात, त्या शब्दामागे हे अंगण आहे. साधनं कुठली? शिंपले, बिया, पानं, खडे, माती. पैसे नव्हते म्हणून तर हे होतंच, पण पोराच्या ओळखीची वस्तू त्याच्या हातात द्यायची हा त्यामागचा पक्का विचार होता.

ओळखीचं म्हटलं की या पुस्तकांचं दुसरं दुखणं समोर येतं. आय फॉर इग्लू. एक्स फॉर झायलोफोन. पोलादपूर तालुक्यातल्या पोराने बर्फाचं घर पाहिलेलं नाही आणि झायलोफोन तर ते पुस्तक आणणाऱ्या बापानेही पाहिलेला नाही. आपल्या जुन्या अंकलिपीत निदान औत होतं, ऐरण होती. चित्र बघून पोर काहीतरी बोलू शकायचं. अनोळखी चित्रावर पोर फक्त मास्तरांचा शब्द परत करतं, त्याच्याकडे स्वतःचा शब्द नसतो. तीन ते सहा या वयात भाषा वाढते ती स्वतःच्या शब्दांनी.

सरकारचंही म्हणणं वेगळं नाही. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ठरवून दिलेली पाठ्यपुस्तकं नसावीत, गरज पडली तर साध्या कृतिपत्रिका पुरेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही नर्सरीच्या दप्तरात पाच पुस्तकं का असतात? कारण भरलेलं पुस्तक ही पालकाला दिलेली पावती असते. फी घेतली, हे बघा काम. पोर दिवसभर वाळूत खेळलं तर पावती कशाची देणार? पालकही पानं मोजतात. शाळा आणि पालक असे एकमेकांचं समाधान करत राहतात आणि त्याचं ओझं साडेतीन वर्षांच्या मनगटावर येतं.

एवढं बोललो तरी ही पुस्तकं चुलीत घाला असं मी म्हणणार नाही. जुलैत पोलादपूरकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस दाराबाहेर पाऊल ठेवता येत नाही. शेंगांचा हंगाम नाही, करवंदं संपलेली, आजीचे गुडघे धरलेले. अशा वेळी चांगलं पुस्तक मोलाचं असतं. पाच वर्षांचं पोर असेल, बोटं चिमटीत पेन्सिल धरायला लागली असतील, तर ठिपके जोडताना त्याचा जीव रमतो आणि रेघ जिथे न्यायची तिथे गेली याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. स्वतः शाळेत फार न गेलेल्या आईलाही असं पुस्तक सांगतं, की पोराला लहान-मोठं, कमी-जास्त, वर-खाली विचारायचं असतं. हा उपयोग खरा आहे. फक्त शेजारी माणूस बसलेलं हवं, दहा मिनिटांत उठायची मुभा हवी, आणि पानावर जे आहे ते आधी जमिनीवर मांडलेलं हवं. पाच चिंचोके हातात घेऊन मोजले, एक काढला, चार उरले, परत ठेवला. मग पानावरचा पाच. हे न करता शंभरपर्यंत धडाधड म्हणणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि ताटात सात भाकऱ्या मोजायला सांगितल्या की एकाच भाकरीवर दोनदा बोट ठेवणारीही तीच.

या पुस्तकांत एक पान हमखास असतं: चित्रे क्रमाने लावा. बी, कोंब, रोप, फूल. उमरठच्या पोराच्या दारात तर राब भाजल्यापासून झोडणीपर्यंत भाताचा सगळा क्रम वर्षभर घडत असतो. आणि त्याहून मोठा क्रम गावाच्या काळजात आहे. हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. समाधी इथेच. मुलाचं, रायबाचं लग्न ठरलेलं, मग कोंढाण्याची कामगिरी, मग माघातली रात्र आणि कडा, मग किल्लेदार उदयभानाशी झुंज, मग मढेघाटाने परत आलेली पालखी. ४ फेब्रुवारी १६७०. या गावातलं पोर कळायला लागल्यापासून ही गोष्ट ऐकतं.

त्या ओसरीवर मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि पोराला म्हटलं, "तानाजीची गोष्ट सांगतोस?" त्याने आधी लढाई सांगितली. मग पालखी. मग मधेच लग्न. आजी म्हणाली, "आरं, लगीन आधी ठरलं हुतं ना?" पोर थांबलं, डोळे वर केले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. या खेपेला लग्न पहिलं आलं, पण उदयभान कडा चढून वर आला. आजीने पुन्हा विचारलं, "वर कोण हुतं आन् चढलं कोण?" तिसऱ्या वेळी गोष्ट जागेवर बसली. आधी काय, नंतर काय, कशामुळे काय. मघाशी कागद फाटला म्हणून रडणारं पोर दोनदा चुकलं आणि एकदाही रडलं नाही.

अंगणवाडीच्या ताईंना हे सगळं येतं. येत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्यासमोर जाऊन बसावं. त्यांच्या हातात वेळ द्या, एवढंच मागणं आहे. वजन, उंची, आहार, नोंदी, मोबाइलवरचं पोषण ट्रॅकर, गृहभेटी, त्यात मधेच निवडणुकीचं काम. गोष्ट सांगायला बसलेल्या बाईला अर्ध्या गोष्टीवर उठवून माहिती भरायला लावणारी व्यवस्था आणि पोराला खेळातून उठवून सशापुढे बसवणारं घर, दोन्ही एकच चूक करतात.

म्हणून येत्या गणपतीला येणाऱ्या भावांनो, पुस्तक आणा, पण एकच आणा, आणि पोर पाच वर्षांचं झाल्यावर आणा. चित्रं त्याच्या ओळखीची आहेत ना, ते दुकानात उभं राहून चार पानं चाळून बघा. त्याआधीच्या वर्षी बोथट टोकाची कात्री, जाड मेणाचे खडू आणि एक पाटी आणा. असाल तितके दिवस रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर जमिनीवर बसा. आणि मुंबईहून फोन लावाल तेव्हा किती पानं झाली ते विचारू नका. आज काय काय झालं ते विचारा, आणि ते उलटसुलट सांगेल तसं सगळं ऐकून घ्या.