आयजीएल

मुकुटबनात रात्री आठनंतर एखाद्या बापाला विचारा, पोरगं कुठं आहे? "असंन पोचिंकीले," म्हणून तो निवांत तंबाखू मळत राहतो. हे पोचिंकी वणीच्या पुढं की आदिलाबादच्या अलीकडं, याची चौकशी त्यानं कधी केलेली नाही. पोरगं घरामागच्या ओट्यावरच असतं, कारण रेंज तिथंच येते. मनानं मात्र ते एरंगेल नावाच्या बेटावरल्या पोचिंकीत उतरलेलं असतं. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थानं पबजी हा खेळ घडवला आणि या बेटाला आपल्या एरिन नावाच्या मुलीवरून नाव दिलं. मुंबईत मढजवळ एरंगळ नावाचं खरंखुरं गाव आहे, पण तिकडं आमच्या पोट्ट्यांचं लक्ष नाही. तिथं लूट मिळत नाही.

ओट्यावर चौघं बसतात. त्यांतला एक आयजीएल, म्हणजे इन गेम लीडर. काउंटर स्ट्राइकवाल्यांत रुजलेली ही पदवी मुकुटबनात निवडणुकीनं मिळत नाही आणि नेमणुकीनंही नाही. ज्याचा आवाज सगळ्यात मोठा आणि नेम सगळ्यात वाईट, तो आयजीएल होतो. ज्याचा नेम बरा तो असॉल्टर. त्यानं पुढं घुसायचं. लांब टेकडीवर पालथं पडून राहतो तो स्नायपर. उरला तो सपोर्ट. त्यानं बाकीच्यांना बँडेज आणि गोळ्या पुरवायच्या, आणि कुणी पडला की त्याला उचलायला जाऊन स्वतः पडायचं. सपोर्ट हा बहुधा कुणाचा तरी मावसभाऊ असतो.

आयजीएल पहिल्या पाच मिनिटांत मरतो. पण मेल्यानं पद जात नाही. उलट हात रिकामे होतात आणि तोंड मोकळं होतं. "अबे डावीकून रश येऊन राह्यला! स्मोक मार! स्मोक मार न बे! झाडामांगं जाय. थे झाड नाही बे, थे झाड!" एवढी सोय सोसायटीच्या माजी अध्यक्षांनाही नसते. सामना जिंकला तर "मी कॉल देल्ला होता" आणि हरला तर "माह्या कॉल आयकला नाही", अशी दोन्ही वाक्यं त्याच्या ओठांवर तयार असतात. चिकन डिनर, म्हणजे पहिला नंबर, कधीमधी होतं, तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट तो स्टेटसला ठेवतो. त्यात किल्सच्या रकान्यात स्वतःपुढं शून्य असतं. ते झाकण्यापुरता बदाम तो बरोबर चिकटवतो.

शब्द बाहेरून येतात याचं त्याला काही वाटत नाही, आणि का वाटावं? त्याचा आजा विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजायचा. ते आकडे पैनगंगेपलीकडच्या तेलुगू ओकटि, रेंडु, मूडु, नालुगुचे सख्खे भाऊबंद आहेत. आज्यानं तेव्हा कुणाला अर्थ विचारला नव्हता, नातवानंही विचारलेला नाही. फक्त आजा ज्यांच्याकडून शब्द घ्यायचा ती माणसं बैलगाडीच्या टप्प्यात होती.

२०१८ साली पबजी मोबाइलवर आलं तेव्हा ओट्यावरची सगळ्यात मोठी शिवी 'नूब' होती. नवशिका हा काही गुन्हा नव्हे. आपल्याकडं कच्चं लिंबू होतंच, पण कच्च्या लिंबाला सांभाळून घ्यायचे, त्याच्यावर राज्य यायचं नाही. नूबला ती माया नाही. मग नूब म्हणणाऱ्याचंच वय दिसू लागलं आणि 'बॉट' आला. बॉट हे गेमनं स्वतःच मैदानात सोडलेलं सोंग असतं. ते माणसासारखं पळतं आणि समोरचा शत्रू सोडून भिंतीला गोळ्या घालतं. जित्याजागत्या माणसाला बॉट म्हणायचं म्हणजे तू जन्मालाच आला नाहीस असं सांगायचं. आयजीएलनं हा शब्द सगळ्यात आधी उचलला, कारण आपण काढला नाही तर तो आपल्यावरच येणार हे त्याला कळलं होतं.

बंदीनं त्याचा शब्दसंग्रह आणखी वाढला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ अ‍ॅप बंद केले, त्यांत पबजी गेलं. दुसऱ्याच आठवड्यात ओट्यावर व्हीपीएन आणि कोरियन व्हर्जनची चर्चा होती. 'फ्री फायरवाला', म्हणजे दुसऱ्या खेळाकडं गेलेला, ही स्वतंत्र शिवी झाली ती याच सुमारास. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय होऊन आला, २८ जुलै २०२२ ला पुन्हा नाहीसा झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. मुकुटबनात तो पहिल्यापासून आजवर पबजीच आहे.

माइक सुरू झाला की आयजीएलची भाषा बदलते. शेजारी मांडीला मांडी लावून बसलेल्या मावसभावाशीही तो हिंदीत बोलतो. "भाई, एक नॉक है, वो मेरेकू मारके राह्यला!" या हिंदीला उत्तरेत कुणी ओळख देणार नाही.

खरी गंमत ओट्यावरून घरात शिरल्यावर. कापूस घरात भरून भाव चढायची वाट पाहणारा बाप त्याच्या लेखी कॅम्पर आहे. बापाचा सौदा जुळत आला की मध्येच टपकणारा दलाल थर्ड पार्टी. आणि माय म्हणजे झोन. तिची पहिली हाक आली की सुरक्षित जागा थोडी आकसते, दुसरीला आणखी, तिसरीला ती स्वतः झाडू घेऊन ओट्यावर येते आणि मग आत पळण्यावाचून इलाज नसतो. "पिंग वाढला व माय," म्हणजे नेट रखडलं, असं सांगून त्यानं पाहिलं आहे. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

२०२२ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनचा सिमेंट कारखाना गावात सुरू झाला आणि आयजीएललाही एका ठेकेदाराकडं काम लागलं. अनुभव काय, असं विचारल्यावर "टीम हँडल करतो" म्हणाला. पहिल्याच दिवशी त्यानं मुकादमाला ओळखलं. मागं उभा, हात रिकामे, तोंड मोकळं, गोणी एकही उचलत नाही. "आपण सपोर्टले लागलो बे," असं तो रात्री ओट्यावर फार कडवटपणे म्हणाला.

ड्युटीमुळं त्याचं येणं कमी होत गेलं. परवा आला तेव्हा ओट्यावर नववीतली तीन पोट्टी बसली होती आणि त्यांना चौथा हवा होता. तो टेकला, हेडफोन लावला, दुसऱ्या मिनिटाला मेला आणि मोकळा झाला. "अबे नूबहो, स्मोक मारा! आमच्या टायमाले पोचिंकीत आम्ही..."

"काका," त्यांतलं सगळ्यात बारकं म्हणालं, स्क्रीनवरची नजर न हलवता, "स्किल इश्यू हाये. माइक बंद करा न."