उसाला ताण, बाईला खाडा

सुरतजवळच्या चलथाणच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की त्या पट्ट्यात धुळे-नंदुरबारची, डांगची माणसं तोडीला उतरतात. फडात ऊस, फडाकडेला पालं. ऊस आणि तो तोडणारा माणूस, या दोघांत ऊस नशीबवान. त्याचं अख्खं आयुष्य संगणकात आधीच जगून बघता येतं.

दक्षिण आफ्रिकेचं ‘कॅनेग्रो’, ऑस्ट्रेलियाचं ‘अ‍ॅप्सिम’ ही मॉडेलं 1990च्या दशकापासून हेच करतात. रोजच्या उष्णतेची बेरीज करून पान कधी फुटेल ते काढतात. पानांवर पडलेल्या उन्हातून वाढ किती, त्यातलं चोथ्यात किती गेलं आणि साखरेत किती, याचा हिशेब मांडतात. पाणी कमी पडलं की ‘ताण’ म्हणून वाढ कमी धरतात. बारामतीत तर आता कृत्रिम बुद्धिमत्ता उसाची तहान ओळखते. छानच आहे. पिकाची घेतात एवढी काळजी सुनेनेही कधी सासूची घेतली नसेल.

आता हाच ऊस तोडणारा देह घ्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. म्हणजे दोन हृदयं, चार फुप्फुसं, हिशेबात एकक एक. सोबतचं पोर शून्य. याहून सुटसुटीत जैविक मॉडेल जगात नसेल. उसाला ताण पडला तर मॉडेल वाढ कमी धरतं. बाईला ताण पडला तर मुकादम खाडा धरतो, आणि त्या दिवसाचा दंड मजुरीतून कापतो.

या मॉडेलचा निकाल महाराष्ट्रातल्या ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात लागला. 2019मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडे आले: पाहणीतल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली. पाळी नाही, बाळंतपण नाही, खाडा नाही. चल राशीच काढून टाकली की समीकरण सुटतंच.

खरं तर तोडकऱ्याचं मॉडेल करणं अवघड नाही. सगळी माहिती फडातच पडलेली आहे. डोक्यावरच्या मोळीचं वजन, दुपारचं ऊन, गाडी भरायला रात्री किती वाजता उठवलं, अंगात हिमोग्लोबिन किती. चार आकडे घाला, कळ दाबा.

फक्त उत्तर आलं की टनामागचा दर वाढवावा लागेल. तेवढी एक तांत्रिक अडचण सोडली तर विज्ञान सज्ज आहे.