हिमगौरी आणि एकतीस बुटके

बुटके ३१ होते. छापण्यात चूक झालेली नाही. मी स्वतः मोजले, दोनदा मोजले. दुसऱ्या वेळी तर ३२ भरले, पण तो बत्तिसावा म्हणजे झाड क्रमांक चार होतं आणि ते शू लागली म्हणून आईला शोधायला पुढे आलं होतं, असा खुलासा मागाहून झाला.

दोन महिन्यांपूर्वी बहिणीचा फोन आला होता. ‘दादा, ह्याला बुटक्याचं काम मिळालंय!’ मी हरखलो. भाचा दुसरीत. बुटके सात, म्हणजे अख्ख्या उपनगरातून निवडलेल्या सातांत आपलं पोर. ऑफिसात पेढे वाटले. पुढचं वाक्य तेव्हा नीट ऐकलं नाही, ते असं होतं : ‘आणि पाच तिकिटं तुझ्या नावावर घेतलीत.’

पाच तिकिटं हे बुटक्याचं माप आहे. दुधाचं लिटर, कापडाचं मीटर, तसं हौशी बालनाट्याचं बुटका. एक बुटका म्हणजे किमान पाच तिकिटं, आजी-आजोबा गावातलेच असतील तर सात. ३१ गुणिले ५, झाल्या १५५ खुर्च्या. नाट्यगृहाचं भाडं, ड्रेपरीवाला, लाइटवाला यांची बिलं सात बुटक्यांत सुटत नाहीत हे मलाही कळतं. पण दिग्दर्शक सरांनी हिशेब सांगितला नाही, तत्त्व सांगितलं. म्हणाले, ‘कुठल्याच मुलावर अन्याय नको.’ ज्या मुलीचं नाव नाटकाला आहे, तिच्यावर झाला तर चालतो.

दीपप्रज्वलन, नटराजपूजन आणि चार सत्कार तुम्हाला पाठ आहेत, वगळतो. तिसरी घंटा पाऊण तास उशिरा झाली, हेही वगळतो.

थेट बुटक्यांच्या घरात येऊ. १८१२ साली जर्मनीत छापलेल्या मूळ गोष्टीत बुटक्यांना नावं नाहीत, पण प्रत्येकाला एकेक प्रश्न आहे. कामावरून घरी येतात आणि विचारतात, माझ्या खुर्चीवर कोण बसलं, माझ्या ताटलीत कोण जेवलं, माझ्या पेल्यातून कोण प्यायलं. सात बुटके, सात प्रश्न, एका दमात संपणारा प्रसंग. आता तो ३१ जणांत वाटा. खुर्ची, ताटली, काटा, भाकरी, भाजी, सुरी, पेला हा ऐवज पहिल्या सातांनीच संपवला. आठव्यापासून संसार वाढायला लागला. माझी उशी कोणी दाबली, माझं पायपुसणं कोणी वाकडं केलं, माझा कंगवा कोणी वापरला, माझी छत्री कोणी उघडली. चौदाव्यानं ‘माझ्या चार्जरला कोणी हात लावला?’ असं विचारलं, त्याला खरोखर हशा आला. सोळाव्याचा गॅस सिलिंडर होता. आमचा एकोणिसावा. त्याचं वाक्य ‘माझी चटणीची बरणी कोणी उघडली?’ आमच्या घरात दोन महिने या बरणीखेरीज विषय नव्हता. बहिणीनं खरी बरणी आणून ठेवली होती, झाकण उघडून तालीम चालायची, दोन किलो शेंगदाण्याची चटणी संपली. रंगमंचावर तो ऐटीत पुढे आला, कापसाची दाढी एका कानावरून सुटून लोंबत होती, ती त्यानं डाव्या हातानं गालावर दाबून धरली आणि ठणठणीत आवाजात विचारलं, ‘माझी बरणीची चटणी कोणी उघडली?’ आम्ही पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. फक्त आम्ही पाच जणांनी. कारण या प्रयोगात टाळ्या नाट्यगृहभर होत नव्हत्या, ठिगळाठिगळानं होत होत्या. प्रश्न विचारला की कुठल्या तरी रांगेत पाच माणसं उठणार, पाच मोबाइल वर होणार, पाच टाळ्या पडणार आणि पाची जण वडा खायला बाहेर. अंधारात नुसता टाळ्यांच्या जागेवरून कोणता बुटका कोणाचा हे सांगता येत होतं. विसाव्याच्या पुढे माझ्या समोरची रांग रिकामी होती. हे सगळं चालू असताना थर्माकोलच्या सात खाटांवर आडवी पडलेली हिमगौरी हळूच डास मारत होती. बारा मिनिटं. घड्याळ लावून.

मग सफरचंद, मग पेटी. आणि मग कार्यकारिणीसमोरचा नैतिक पेच : तिला उठवायचं कसं? सहकुटुंब नाटक, पुढच्या रांगेत आजोबा, तेव्हा चुंबन बाद. शेवटी राजपुत्रानं सहा फुटांवरून नमस्कार केला आणि ती उठली. नमस्कारानं मेलेली माणसं उठत असती तर निवडणुकीच्या महिन्यात स्मशानं ओस पडली असती. गंमत अशी की मूळ पुस्तकात चुंबन नाहीच. पुढच्या आवृत्त्यांत पेटी वाहून नेणारे नोकर झुडपाला अडखळतात, हिसका बसतो आणि घशातला विषारी तुकडा बाहेर पडतो. बस. कोणीतरी नुसतं अडखळायला हवं होतं. ज्या प्रयोगात ३१ जण सुरुवातीपासून एकमेकांच्या पायांत येऊन पडत होते, तिथे नेमक्या त्या क्षणाला सगळे ताठ उभे.

इथवर मी हसत होतो. पण गाण्यांबद्दल हसवत नाही.

जाहिरातीत ‘संगीत परिकथा’ असं होतं. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आलं तेव्हापासून मराठी माणसाला या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे : समोर उभा आहे तो गातो. माइक नव्हता तेव्हाही गायचा. इथे अख्ख्या नाटकात कोणीच गायलं नाही. मोठ्या बायकांनी स्टुडिओत पोरांचे बारीक आवाज काढून ट्रॅक करून आणला होता, तो वाजत होता आणि ३१ पोरं त्याच्यावर ओठ हलवत होती. एकाला जांभई आली तरी गाणं चालूच. का, तर ३१ माइक परवडत नाहीत. अहो, मग सात आणा! किंवा एकही आणू नका, पोरांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारा. आमचा एकोणिसावा घरी सकाळ-संध्याकाळ ही गाणी गातो, बेसूर गातो, पण स्वतः गातो. त्या दिवशी तो भान विसरून दुसऱ्या कडव्याला खरंच गायला लागला. ब्लॅकआउट होताच विंगेत सरांनी दंड धरून बजावलं, ‘आवाज काढायचा नाही सांगितलं होतं ना? नुसते ओठ!’ नाटकाला घातलेल्या मुलाला हे शिकवायचं असेल तर फीचे पैसे परत करा आणि पाटीवरचा ‘संगीत’ शब्द आधी खाली उतरवा. बुटके हवे तेवढे ठेवा, शंभर ठेवा, माझी हरकत नाही.

शेवटचा प्रवेश मी आणि सुमारे वीस जणांनी पाहिला. बाकीचे रंगपटात दाढीसकट फोटो काढायला गेले होते. पडदा पडल्यावर सर पुढे आले आणि पुढच्या वर्षीचं नाटक जाहीर केलं : ‘अलीबाबा आणि चाळीस चोर’, नावनोंदणी बाहेरच्या टेबलावर, आजच. माझ्या शेजारची खुर्ची तेव्हाच रिकामी झाली होती.

परत येताना रिक्षात बहिणीनं पर्समधून पावती काढून दाखवली. चोर क्रमांक ६३.