आमच्या स्पिन्स्टरांना नातवंडं आहेत

इंग्रजीत ‘स्पिन्स्टर’ म्हणजे मूळची सूत कातणारी बाई. सतराव्या शतकापासून तिकडच्या सरकारी दप्तरात हा शब्द बिनलग्नाच्या बाईच्या नावापुढे लागू लागला आणि बघता बघता कातणारीची घोडनवरी झाली. बाई स्वतःच्या हातानं कमावते म्हटल्यावर साहेबाला पहिली काळजी पडली ती तिच्या लग्नाची! २००५ मध्ये इंग्लंडच्या विवाहनोंदणीनं तो शब्द सोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पुस्तिकेनंही तो टाळायला सांगितला.

इचलकरंजीनं मात्र तो परत मागून घ्यावा. १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आला, त्यानंतर सारं गाव सुतावरच जगलं. सूतगिरणीत बाया, कांड्या भरायला बाया, मेंडिंगला बाया. मूळ अर्थानं निम्मं गाव स्पिन्स्टर, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना नातवंडं.

अर्थात साहेबाला हसायला आपण कोण? ‘मास्तरीण’ शिकवते की नुसती मास्तरांचा डबा भरते, हे आपल्याकडं चौकशीशिवाय कळत नाही. बाई स्वतः माग चालवत असली, तरी सुताचा व्यापारी दारातून विचारणार, ‘मालक कुठायत?’ मालक म्हणजे मागाचा की बाईचा, हे विचारायची सोय नाही.

सरकार तर याच्या पुढं. मे २०२२ मध्ये शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनंही इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितला. आणि एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांच्या नावापुढं ‘गं. भा.’ म्हणजे ‘गंगा भागीरथी’ लावायचा प्रस्ताव पुढं केला! कपाळ सुटलं, तर नाव धरलं. गदारोळ झाल्यावर तो म्हणे फक्त चर्चेसाठी होता.

मग चर्चा पुरतीच होऊ द्या. विधुरांच्या नावापुढंही एखादी नदी लावू. आमच्याकडं पंचगंगा आहे, पण तिचं सध्याचं पाणी बघता ‘पं. भा.’ लावून घ्यायला एकही विधुर तयार होणार नाही. सगळे दूधगंगाच मागतील. त्यासाठी आधी, ते पाणी आम्हाला द्यायला विरोध करणाऱ्या कागलकरांची परवानगी काढावी लागेल.