टिप्पणीशोधन : एक निरुपद्रवी उद्योग

संगणकाला आज्ञा देण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला सोर्स कोड म्हणतात, आणि त्याच मजकुरात केवळ माणसाने वाचावीत म्हणून जी वाक्ये घातलेली असतात त्यांना टिप्पणी किंवा कॉमेंट म्हणण्याचा प्रघात आहे. सी या भाषेत /* आणि */ या दोन खुणांच्या मध्ये जे काही लिहिले जाईल त्याकडे कंपायलर, अर्थात सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे आज्ञेत एक अर्धविराम राहिला तर सारे काम अडवून धरणारा हा काटेकोर अधिकारी टिप्पणीतील धादांत असत्य मात्र बिनतक्रार चालवून घेतो. टिप्पण्या नीटनेटक्या करण्याचा उद्योग या सवलतीतून जन्माला आला आहे, आणि तो पूर्ण यशस्वी झाल्याची खूण म्हणजे प्रोग्रामच्या वागण्यात तिळमात्र फरक न पडणे.

या उद्योगाचे निरीक्षण करण्यास मट हा मेल-प्रोग्राम आणि त्याच्यापासून निघालेला निओमट हे घराणे सोयीचे आहे. १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी सुरू केलेला मट टर्मिनलच्या अक्षरी पडद्यावर चालतो, आणि सगळेच मेल-प्रोग्राम टाकाऊ असून हा त्यातल्या त्यात कमी टाकाऊ आहे, असे स्वतःविषयी सांगतो. जाहिरातीच्या इतिहासात इतकी माफक बढाई क्वचितच कोणी मारली असेल. निओमटमध्ये टिप्पण्यांसाठी डॉक्सिजन वापरतात. १९९७ पासून उपलब्ध असलेले हे साधन ठरावीक पद्धतीने लिहिलेल्या टिप्पण्या कोडमधून वेचून त्यांचा संदर्भग्रंथ तयार करते. त्यासाठी प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एक विवक्षित काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर ते फंक्शन काय करते, कोणती मूल्ये (यांना पॅरामीटर म्हणतात) घेते आणि काय परत करते, हे लिहावे लागते.

कोड बदलत जातो आणि टिप्पणी जागेवर राहते, येथे दुखणे सुरू होते. काढून टाकलेल्या पॅरामीटरचे नाव टिप्पणीत तसेच नांदत असते, जसे फेरफार न झालेल्या सातबाऱ्यावर पणजोबा अजून जमीन कसत असतात. एखादे फंक्शन पूर्वी यश आल्यास ० परत करीत असे. पुढे कोणी सुधारकाने त्याला सत्य आणि असत्य अशी उत्तरे शिकवली, पण टिप्पणी जुनीच राहिली, तर तिच्यावर विसंबणारा वाचक प्रत्येक यशाला अपयश समजून चालतो. याच्या उलट टोकाला खोटे बोलण्याचा धोका मुळीच न पत्करणारी टिप्पणी असते: ‘बफर’ (माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा) या पॅरामीटरपुढे स्पष्टीकरण ‘बफर’, आणि ‘बफरची लांबी’ यापुढे ‘बफरची लांबी’. तिच्यात दोष दाखवता येत नाही, एवढाच तिचा गुण.

परंतु मेल-प्रोग्रामची खरी पंचाईत चिन्हांच्या मालकीवरून होते. @ हे चिन्ह मेलच्या पत्त्याचे सर्वस्व, आणि डॉक्सिजनच्या दरबारात तेच आज्ञेचे चिन्ह. नाव-गावासह पूर्ण पत्ता दिसला तर डॉक्सिजन तो ओळखतो. मात्र टिप्पणीकाराने नुसता @ पासून पुढचा भाग लिहिला, की अशी आज्ञा आपल्याला ठाऊक नसल्याचे तो कळवतो. पत्ता < आणि > या कोनी कंसांत नुसत्या एका शब्दाने दाखवावा, तर त्याला वेबपानाची खूणगाठ समजून अशी खूण मान्य नसल्याचा शेरा येतो. मेलच्या ओळीच्या शेवटाविषयी लिहिताना उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे एन हे अक्षर येणे अटळ असते. डॉक्सिजन ते वाचत नाही, पाळतो, आणि तेथेच नवी ओळ सुरू करतो.

सी भाषेचा स्वतःचा हक्क तर याहून जुना आहे. मेलला जोडलेल्या फाइलचा प्रकार तिरक्या रेघेने सांगतात, आणि ‘कोणताही प्रकार’ हे */* असे लिहितात. ही तीन चिन्हे टिप्पणीत उमटताच पहिली दोन टिप्पणी बंद करतात, आणि उरलेले गोड गद्य कंपायलरच्या पुढ्यात जाऊन पडते, ज्याला गद्याची आवड नाही. ‘कोणतेही चित्र’ सांगणारे इमेज/* त्या मानाने सौम्य. त्यावर फक्त ताकीद मिळते.

टिप्पणीशोधकाच्या पदरात काय पडते, हेही पाहण्याजोगे आहे. निओमटमध्ये माहितीच्या रचनेतील प्रत्येक घटकाची टिप्पणी त्याच ओळीच्या उजवीकडे ///< या खुणेने लिहितात आणि सगळ्या खुणा एका उभ्या रेषेत आणतात; एका घटकाचे नाव लांबले की शेजारच्या साऱ्या ओळी सरकवाव्या लागतात. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ब्लेम नावाची आज्ञा असून ती प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला ते सांगते. परिणामी ज्याने केवळ रिकाम्या जागा सरकवल्या त्याचे नाव पुढे अनेक वर्षे दुसऱ्याच्या दोषांपाशी झळकत राहते.

विशेष म्हणजे टिप्पणी ही चीज मेललाही परकी नाही. १९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकाने पत्त्यामध्ये साध्या कंसात टिप्पणी लिहिण्याची, आणि त्या टिप्पणीच्या पोटात आणखी टिप्पणी घालण्याचीही मुभा दिली. सी भाषेने ही दुसरी मुभा कधीच दिली नाही. मेलच्या या मुभेमुळे मटमध्ये उघडलेले कंस मोजत परक्यांच्या टिप्पण्या कितीही खोलवर सोलणारे एक फंक्शन आहे. त्याच्या डोक्यावरची टिप्पणी नीट करणाऱ्याने तिच्या शेवटचे */ तेवढे विसरू नये. अन्यथा पुढचे */ भेटेपर्यंत ते अख्खे फंक्शनच टिप्पणीत जमा होते.