व्याही येण्यापूर्वी

(हार्डवेअरचं दुकान. सकाळचे अकरा. स्क्रू मोजून मिळेपर्यंत एक सुतार पायरीवर टेकलाय. त्याला कुणी काही विचारलेलं नाही, पण तो बोलणार हे उघड आहे.)

गिऱ्हाईक : सगळ्यात घट्ट चिकटणारं काय आहे तुमच्याकडे?

दुकानदार : चिकटवायचंय काय?

गिऱ्हाईक : खुर्चीचा पाय. खुर्चीलाच.

दुकानदार : मोडलाय की निसटलाय?

गिऱ्हाईक : मी खुर्ची उचलली, पाय हातात आला. बाकीची खुर्ची खालीच राहिली.

सुतार : निसटलाय. मोडला असता तर अर्धाच आला असता.

दुकानदार : लाकूड?

गिऱ्हाईक : सागवान. आजोबांच्या वेळचं.

दुकानदार : मग फेव्हिकॉल न्या. छोटा डबा.

गिऱ्हाईक : फेव्हिकॉल? ते पोरं शाळेत कागद चिकटवतात त्यानं! काहीतरी भारी द्या हो.

सुतार : भारी म्हणे! साहेब, फेव्हिकॉल आला १९५९ला. त्याआधी सरस. जनावरांच्या कातड्याचा, हाडांचा. आमचे वडील सकाळी सरसाचं भांडं शेगडीवर चढवायचे, की घरमालकीण विचारायची, मिस्त्री, डब्यातली भाजी आंबली का? वास सोडला तर गुणी वस्तू. पुढेमागे जोड सोडवायचा झाला, तर वाफ द्यायची, आपण होऊन सुटायचा. तुमच्या आजोबांच्या खुर्चीत सरसच असेल.

दुकानदार : आधी काही लावलंत का त्याला?

गिऱ्हाईक : छे.

दुकानदार : बघा हं.

गिऱ्हाईक : म्हणजे... ती बारकी ट्यूब असते ना, क्षणात चिकटणारी.

दुकानदार : काय चिकटलं?

गिऱ्हाईक : अंगठा आणि तर्जनी. हिच्या नेलपॉलिश रिमूव्हरनं सुटले.

दुकानदार : आणखी?

गिऱ्हाईक : नळ गळला की मळून लावतात, ते.

दुकानदार : आणखी?

गिऱ्हाईक : (हळूच) एक खिळा.

सुतार : अरारा! सागवानात खिळा!

दुकानदार : आता ऐका. फेव्हिकॉल लाकडाच्या आत मुरतो तेव्हा धरतो. तुमच्या खाचेत लाकूड दिसतंय कुठं? हे सगळं आधी पटाशीनं खरवडा. वर पॉलिश पेपर मारा. खाली कोरं लाकूड लागलं पाहिजे.

गिऱ्हाईक : एवढं खरवडल्यावर पाय खाचेत डुगडुगेल की.

दुकानदार : मग मात्र अ‍ॅरल्डाइट. फट भरून धरतो. दोन ट्यूबा, सारख्या मापानं घ्यायच्या.

गिऱ्हाईक : अंदाजानं घेतलं तर?

दुकानदार : अंदाजानं आमटी करा. हे माप चुकलं तर नीट कडक होत नाही. शिकंजा आहे घरी?

गिऱ्हाईक : नाही.

सुतार : सुतळी असेल. चारी पायांभोवती दोन वेढे द्या, मधे लाटणं अडकवा आणि पिळा. पोळ्या उरकल्यावर हं.

दुकानदार : मग २४ तास त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

गिऱ्हाईक : चोवीस? अहो, पाच वाजता व्याही येतायत!

दुकानदार : वजन?

गिऱ्हाईक : नव्वदच्या पुढे. त्यात मागे रेलून झुलायची सवय.

सुतार : दुसरी खुर्ची द्या त्यांना.

गिऱ्हाईक : बाकीच्या प्लास्टिकच्या. पहिल्यांदाच येतायत, त्यांना प्लास्टिकवर बसवू?

दुकानदार : मग गादी, तक्के, लोड. भारतीय बैठक.

गिऱ्हाईक : दोन्ही गुडघे बदललेत त्यांचे. खाली बसले तर उठवायचं कुणी?

दुकानदार : आमच्या आईचेही बदलले. मी सर्जनना विचारलं होतं, नवा गुडघा हाडाला धरतो कशानं? म्हणाले, सिमेंटनं. हाड कापून सपाट करतात, धुतात, कोरडं करतात, सिमेंट लावतात आणि घट्ट होईपर्यंत दाबून धरतात.

सुतार : ऐकलंत? डॉक्टरसुद्धा आधी साफ करून घेतो. खिळा मारत नाही.

गिऱ्हाईक : आणि मग चोवीस तास थांबतात?

दुकानदार : छे! दहा-पंधरा मिनिटांत दगड.

गिऱ्हाईक : अहो, मग तेच द्या ना!