‘जनरल चेकअप’च्या लेखकास अनावृत पत्र

प्रति,
मा. सर्व्हिस ॲडव्हायझर महोदय,
(शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या शैलीत लिहिणारे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, सत्कार एकट्याचाच कशाला?)



मी आपल्या लेखनाचा जुना वाचक आहे. सकाळी मोटारसायकल स्टार्ट केली की सायलेन्सरातून निळसर पांढरा धूर येतो आणि महिना संपायच्या आत ऑइल डिपस्टिकच्या खालच्या खुणेखाली जातं, हे मी आपल्या काउंटरवर उभं राहून सविस्तर सांगितलं होतं. आपण मान डोलावत सगळं ऐकलंत आणि जॉबकार्डावर ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात दोनच शब्द लिहिलेत : ‘जनरल चेकअप’. एवढं संक्षेपाचं सामर्थ्य आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणापाशी नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगलाही तेच सांगितलं, तेच लिहिलं गेलं. तेव्हा आपण म्हणाला होतात, “नवीन इंजिन आहे सर, सेट होऊन रायलं.” वॉरंटी संपल्यावर आलो तर म्हणालात, “आता गाडी जुनी झाली ना भाऊ, इतकं तर लागतेच.” गाडी नवी म्हणून ऑइल पिते आणि जुनी म्हणूनही पिते, तर या दोन अवस्थांच्या मधे एखादा दिवस असा नक्कीच गेला असणार, ज्या दिवशी तिचा आजार वॉरंटीत बसत होता. तो दिवस कोणता, एवढं कृपया कळवावं. ‘सर’चा ‘भाऊ’ कधी झाला, तेही त्यातूनच कळेल.

शे-सव्वाशे सीसीच्या गाडीत ऑइल मावतं साधारण एक लिटर. त्यातलं पाव लिटर गेलं तर इंजिनाच्या घासाचा चौथा हिस्सा गेला. ते ऑइल हवेत विरत नाही, जळतं. आमच्या बसस्टँडजवळच्या मिस्त्रीनं हे उभ्या उभ्या सांगितलं, तेही फुकट : “धूर कवा येते थे पाय पयले. रातभर उभी राहून सकाळी सुरू केल्यावर भसकन आला अन् मंग थांबला, तं व्हॉल्व्हचं सील. रेस देल्यावर येतच रायला, तं रिंगा नाई तं बोअर.” हेड खोलायचं की पिस्टनपर्यंत जायचं, हे ठरवायला त्याला धूर पुरला. आपल्याकडे संगणक आहे, म्हणून बहुधा धुराकडे पाहावं लागत नाही.

आपण पाहिलंत ते डिपस्टिककडे, आणि तिथे मात्र आपली कला मी जवळून पाहिली. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी घ्यायची, काडी फडक्यानं पुसायची आणि भोकात नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, असं माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलंय. आपल्या पोरानं ती काडी पिळून घट्ट बसवली. पिळली की ती खोल बुडते आणि पातळी वर दिसते. लगेच ‘लेव्हल ओके’ अशी नोंद झाली. त्याआधी त्यानं ऑइल टाकलं होतं, ही गोष्ट नोंदीत नाही, बिलात मात्र आहे. कारण ऑइल पडलं ‘कन्झ्युमेबल’, ते वॉरंटीत येत नाही. म्हणजे दोष कंपनीचा आणि त्यावर पांघरूण घालायचा खर्च आमचा. हिशेब चोख आहे, नाही कोण म्हणतं?

मग वापरावर घसरलात. मागे संत्र्याचे कॅरेट बांधता, फवारणीचा पंप नेता, ‘ओव्हरलोड’ होतं. महोदय, मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात आंबिया बहाराची तोड चालू असताना वावरातून रिकामी येणारी मोटारसायकल कोणी पाहिली असेल तर तिचा फोटो छापावा. जाहिरातीत याच गाड्या नाले ओलांडतात, डोंगर चढतात. खरेदीच्या दिवशी आपण “खेड्यासाठीच बनवली आहे” म्हणाला होतात. खेड्यात येऊन ती नाजूक झाली.

शेवटचा हुकमी एक्का : “बाहेरच्या मिस्त्रीनं हात लावला, आता वॉरंटी गेली.” 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांचा दंड केला होता. प्रकरण सुटे भाग आणि दुरुस्तीच्या मक्तेदारीचं होतं. त्या आदेशाविरुद्ध पुढे अपिलं झाली, आणि कंपन्या चारचाकीच्या होत्या हेही मान्य. पण बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या दुरुस्तीमुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, हे आयोगाचं म्हणणं दुचाकीवाल्यालाही समजण्यासारखं आहे. मिस्त्रीनं तर फक्त धूर पाहिला होता. धूर पाहिल्यानं सील फाटतं असं कुठल्या पुस्तिकेत लिहिलंय का?

आता आपण विचाराल, दोन शब्दांवरून एवढा संताप का? तर मी राहतो त्या गावामुळे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी याच रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून गोळा केल्या. कोणी सांगितलं, कुठे घडलं, हे सांभाळलं. एकाच प्रसंगाबद्दल दोघांचं सांगणं वेगळं निघालं तर दोन्ही टिपून ठेवायची रीत या पंथात आहे. पंथाच्या नागदेवाचार्यांनी तर शिष्य केशिराजांना संस्कृतात लिहू नका म्हणून अडवलं, कारण मग म्हाताऱ्या बायाबापड्यांना ते कळणार नाही. आता गावात मराठी भाषा विद्यापीठही आलंय. अशा गावच्या माणसाच्या हातात आपण इंग्रजी बारीक टायपातली वॉरंटी ठेवता आणि त्याचं तोंडी म्हणणं दोन शब्दांत पुसता, याचं वाईट वाटणारच. म्हाइंभट आपल्या काउंटरवर असते तर आधी त्यांनी विचारलं असतं, “धूर कवा येते?” आणि उत्तर लिहून घेतलं असतं.

आपल्या त्या दोन शब्दांची किंमत मला उशिरा कळली. वॉरंटीचा दावा फेटाळताना पत्रात कारण आलं : ‘मुदतीत अशी तक्रार नोंद नाही.’ खरं आहे. नोंद आपण ठेवली होती ना!

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे अमरावतीच्या ग्राहक आयोगात करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षांची. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करून पाहता येतो. मी कागद जमवतोय. आपली जॉबकार्डं त्यात सगळ्यात वर आहेत.

हे पत्र वाचणाऱ्या इतर गाडीवाल्यांना एक विनंती. जॉबकार्डावर सही करण्याआधी तक्रारीचा रकाना वाचा. तुमचे शब्द, किलोमीटरचा आकडा आणि किती ऑइल टाकलं ते तिथे लिहायला लावा, मोबाइलवर फोटो काढा, आणि मगच किल्ली द्या.

आपला,
‘जनरल चेकअप’ झालेला एक ग्राहक
रिद्धपूर, ता. मोर्शी, जि. अमरावती